फाइल बंद झाली, पण नोकरी कसली?

अपंग माणसाला कामाला लावण्यासाठी अमेरिकेत १९२० पासून सरकारी योजना आहे. खर्चाचा जवळपास ७९ टक्के भार केंद्र उचलतं, उरलेला राज्यं. पण टेबलापलीकडे बसणारा समुपदेशक किती शिकलेला असावा, यावर तिथे अजून एकमत नाही.

समजा, पाठीला कायमची इजा झालेला गवंडी समोर आला. नवखा समुपदेशक डॉक्टरच्या अहवालात ‘वजन उचलू नये’ एवढंच वाचतो आणि पार्किंगच्या बूथवर जागा शोधतो. पुनर्वसनाचं रीतसर शिक्षण घेतलेला विचारतो, माल किती लागेल हे कोण सांगायचं? हाताखाली किती माणसं होती? मग बांधकामाच्या अंदाजपत्रकाचं काम सुचतं. पगार सुरू झाला की अपंगत्वाचा भत्ता आणि आरोग्यविमा जाईल, ही धास्ती वेगळीच. नेमकं काय जाईल, काय राहील, हा हिशेब मांडून दाखवणंही त्याच्याच गळ्यात.

गंमत म्हणजे बूथ काय नि अंदाजपत्रक काय, माणूस ९० दिवस टिकला की दोन्ही फायली ‘यशस्वी’ म्हणून बंद. योजनेतून बाहेर पडल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत तो कामावर आहे का, पगार किती, हे पाहणं आलं ते २०१४ च्या कायद्याने.

शिक्षणाने खरंच फरक पडतो? एडना शिमान्स्की आणि रँडल पार्कर यांनी १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या नोंदी तपासल्या. तीव्र अपंगत्व असलेल्यांच्या बाबतीत पुनर्वसन समुपदेशनात पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांचे निकाल सरस निघाले. अर्थात कुठली केस कुणाकडे जाते हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही, त्यामुळे सगळं श्रेय पदवीला देता येत नाही. तरी हे मला पटतं. सोप्या केसमध्ये माणूस स्वतःच नोकरी शोधतो, समुपदेशकाचा कस लागतो तो अवघड केसमध्ये.

या शिक्षणासाठी विद्यापीठांना केंद्राचा पैसा १९५४ पासून मिळू लागला. १९९२ च्या दुरुस्तीने राज्यांना वरचा निकष पाळायला लावला, आणि अनेक ठिकाणी तो पदव्युत्तर पदवीचाच होता. २०१४ मध्ये दोर सैल झाला: संबंधित विषयातली साधी पदवी आणि वर्षभराचा अनुभवही चालेल. माणसं मिळत नाहीत, ही राज्यांची अडचण खोटी नव्हती. पण निकालांवर बारीक नजर आणि समुपदेशकाच्या पात्रतेत सूट, दोन्ही एकाच कायद्यात आल्या.