चष्मा मोठा की सराव? आमच्या घरात रंगलेला नेमबाजीचा वाद

रविवारची सकाळ होती. इंदूरच्या आमच्या घरी पोह्यांच्या बशा नुकत्याच रिकाम्या झाल्या होत्या आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने हळूच विषय काढला, ‘‘बाबा, मला शूटिंगचा चष्मा हवाय. आयरिसवाला.’’

बाबांनी किंमत विचारली. वीस-पंचवीस हजारांचा आकडा ऐकून त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

‘‘अगं, तो तुर्कस्तानचा माणूस पाहिलास ना? एक हात खिशात, डोळ्यांवर घरातला साधा चष्मा आणि रौप्यपदक. त्याला लागला का आयरिस?’’

‘‘आणि ती कोरियाची किम? तिनेही रौप्यच जिंकलं, सगळा सरंजाम लावून!’’ बहीणही ऐकणारी नव्हती.

‘‘अर्जुनाने कुठला चष्मा लावला होता? त्याला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता.’’

‘‘बाबा, पिस्तुलात पोपटाचा डोळा बघायचाच नसतो!’’

बाबा गप्प झाले. मीही चकित झाले. वाद हसतखेळत चालला होता, पण बहिणीचा चेहरा उतरला होता. गेले चार महिने तिचा स्कोअर ६००पैकी ५२५च्या आसपास अडकला होता. आपण कमी पडतोय की आपली साधनं, हेच तिला कळत नव्हतं. म्हणून मी या विषयाच्या थोडं खोलात शिरायचं ठरवलं. तुमच्याही घरात एखादं मूल नेमबाजी शिकत असेल, तर हे तुमच्याही उपयोगाचं आहे.

दोन फोटो, दोन बाजू

बाबा आणि बहीण ज्यांच्याबद्दल भांडत होते, ते दोघेही २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधले. तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचने शेव्वल इलायदा तारहानच्या साथीने १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळवलं. याच प्रकारात आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगने कांस्यपदक जिंकलं होतं. दक्षिण कोरियाच्या किम येजीने महिलांच्या १० मीटर एअर पिस्तुलात रौप्य पटकावलं. तिच्या डोळ्यांवरची ती यंत्रासारखी फ्रेम जगभर गाजली.

पण दोन्ही फोटो अर्धीच गोष्ट सांगतात. दिकेचच्या डोळ्यांवर नंबरचा चष्मा होता आणि कानात इअरप्लगही होते. तो दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतो. शिवाय त्याचं पहिलं ऑलिम्पिक २००८चं. म्हणजे त्या ‘सहज’ दिसणाऱ्या उभं राहण्यामागे कित्येक वर्षांची मेहनत आहे.

दुसरीकडे, त्याच पॅरिसमध्ये २५ मीटर पिस्तूलच्या पात्रता फेरीत किमला एक गोळी ठरलेल्या वेळेत मारता आली नाही. त्या गोळीला शून्य मिळालं आणि तिची अंतिम फेरी हुकली. डोळ्यांवर तीच फ्रेम होती, पण फ्रेम काही चाप ओढत नाही.

मुळात दिसायला काय हवं?

दुर्बिणीसारखं लक्ष्य मोठं करून दाखवणारी साइट ऑलिम्पिकच्या पिस्तूल आणि रायफल प्रकारांत चालत नाही. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि पुढे एक लहान ठोकळा. खाचेच्या बरोबर मध्ये ठोकळा दिसला, दोन्ही बाजूंना सारखा उजेड राहिला आणि वरची कड एका रेषेत आली, की नेम जुळला. रायफलच्या मागच्या साइटला बारीक छिद्र असतं. त्यातून पुढचं वर्तुळ आणि त्याच्याही पुढे लक्ष्य दिसतं.

अडचण अशी, की आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. मागची खाच, पुढचा ठोकळा आणि १० मीटरवरचं लक्ष्य, तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं शक्य नाही. मग काय धूसर होऊ द्यायचं? पिस्तूल नेमबाजांना शिकवलं जातं, की पुढची साइट स्पष्ट दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. बहीण पोपटाच्या डोळ्याबद्दल म्हणत होती ते हेच.

हे असं का, ते साध्या गणिताने समजतं. समजा, दोन्ही साइटमध्ये ३० सेंटीमीटर अंतर आहे. पुढची साइट खाचेच्या मध्यापासून फक्त १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिलिमीटर बाजूला जातो. एअर पिस्तूलच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे दहाऐवजी सरळ सहा! याउलट साइट एकमेकींशी जुळलेल्या राहून अख्खा हातच १ मिलिमीटर हलला, तर फरकही १ मिलिमीटरचाच पडतो. म्हणून अनुभवी प्रशिक्षक सांगतात, हात थोडा डुलू दे, साइट बिघडू देऊ नकोस.

चष्मा काय करतो, काय करत नाही?

नेमबाजीच्या चष्म्यात साधारण तीन गोष्टी असतात.

लेन्स : नेम धरणाऱ्या डोळ्यासमोर ती अशा नंबरची बसवतात, की पुढची साइट स्पष्ट दिसेल.

आयरिस : लहान-मोठं करता येणारं छिद्र. छिद्र बारीक केलं, की जवळचं आणि लांबचं दोन्ही थोडं अधिक स्पष्ट दिसतं. डोळे बारीक करून लांबची पाटी वाचतो ना, तसंच. मात्र छिद्र फार बारीक केलं तर उजेड कमी पडतो.

ब्लाइंडर : दुसऱ्या डोळ्यासमोरची लहान पट्टी. नियमानुसार तिची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. ती असली, की तो डोळा मिटून ठेवावा लागत नाही. एक डोळा सतत आवळून धरला तर चेहऱ्याचे स्नायू थकतात आणि उघड्या डोळ्यालाही ताण जाणवतो.

म्हणजे चष्मा चित्र सुधारतो. श्वास कधी रोखायचा, चापावर दाब किती हळूहळू वाढवायचा, गोळी सुटल्यावरही नजर क्षणभर तिथेच कशी ठेवायची, हे तो शिकवत नाही. एअर पिस्तूलचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. तेवढा दाब देताना मनगट जरा हललं, तर सगळ्यात महागडी लेन्सही तो धक्का फक्त जास्त स्पष्ट दाखवेल.

साइटच दगा देते तेव्हा

२००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. अंतिम फेरीआधी चाचणीसाठी मारलेला त्याचा पहिलाच छर्रा चारच्या आसपास भरकटला होता. साइट जागेवरून हलली होती. हातात मोजकी मिनिटं होती. त्याने साइट पुन्हा जुळवली आणि शेवटचा नेम १०.८चा मारून सुवर्ण जिंकलं. छर्रा चारवर गेल्यावर ‘चूक माझी नाही, साइटची आहे’ हे ओळखायला आधी स्वतःच्या हातावर विश्वास लागतो. तो सरावातूनच येतो.

आणखी एक उदाहरण मला फार आवडलं. दृष्टिहीन खेळाडूंच्या रायफल स्पर्धेत नेम आवाजावर धरतात. रायफल लक्ष्याच्या मध्याकडे वळते तसा कानातला सूर चढत जातो. इथे साधन नसेल तर खेळच नाही. पण सूर चढल्यावर हात स्थिर ठेवून चाप ओढायचं काम त्या खेळाडूलाच करावं लागतं.

सरांनी काय केलं?

पुढच्या शनिवारी मी बहिणीबरोबर रेंजवर गेले. चष्म्याचा विषय काढताच तिचे सर म्हणाले, ‘‘आधी टार्गेट काय म्हणतंय ते बघू.’’ त्यांनी तिला साठ नेम मारायला लावले आणि मला समजावलं.

छर्रे एकाच जागी, पण मध्यापासून दूर पडत असतील, तर साइट जुळवायला हवी. पहिल्यापासूनच चहूकडे विखुरले असतील, तर चाप आणि पकड तपासायची. सुरुवातीला जवळजवळ पडून नंतर पसरत असतील, तर हात किंवा डोळा थकतोय.

बहिणीचे पहिले तीस नेम छान होते. नंतरचे पसरले होते. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘डावा डोळा किती वेळ घट्ट मिटून ठेवतेस? आणि शेवटचा नंबर कधी तपासलास?’’

नंबर कधीच तपासला नव्हता. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. उजव्या डोळ्याला थोडा सिलिंड्रिकल नंबर निघाला. डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर आम्ही सरांच्या सांगण्यावरून टेपने मोजून नेलं होतं. डॉक्टरांना त्याचा उपयोग झाला. साधी फ्रेम घेतली. डाव्या काचेवर सरांनी अर्धपारदर्शक पांढरी पट्टी चिकटवली. पट्टी काळी का नको? तर एका डोळ्याला अंधार झाला, की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या थोड्या मोठ्या होतात, म्हणून.

चष्म्याबरोबर गृहपाठही आला. रोज वीस मिनिटं छर्रा न भरता पांढऱ्या भिंतीकडे नेम धरायचा आणि चाप ओढताना पुढची साइट हलते का तेवढंच पाहायचं. समोर लक्ष्य नसल्यामुळे दहाचा मोह नसतो, चूक लपत नाही. मात्र पिस्तूल रिकामं आहे याची दर वेळी खात्री करायची आणि घरातलं मोठं माणूस जवळ असल्याशिवाय ते हातात घ्यायचं नाही, हा सरांचा पहिला नियम.

पालकांनो, खर्च करण्याआधी

मूल महागडं साधन मागतं, तेव्हा ते हट्टच करत असतं असं नाही. कधीकधी ते ‘मी अडकलोय’ एवढंच सांगत असतं. म्हणून लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी तीन गोष्टी करा. डोळे तपासून घ्या. प्रशिक्षकांसोबत टार्गेट पाहा. महिनाभर सरावाची वही ठेवा. अडचण दिसण्यात असेल तर चष्मा ही चैन नाही, गरज आहे. अडचण हातात असेल तर आयरिस थांबू शकतो.

आमच्या घरातला वाद अजून मिटलेला नाही. दोन महिन्यांत स्कोअर ५३८पर्यंत आला आहे. बहीण म्हणते चष्म्यामुळे, बाबा म्हणतात भिंतीमुळे. वर्षभर वही नीट भरली तर आयरिसचा विचार करू, असा करार झाला आहे.

काल रात्री बाबा तीच वही बघत होते. आकडे दिसेनात म्हणून त्यांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला.

‘‘काय बाबा,’’ बहीण म्हणाली, ‘‘अर्जुनाला लागला होता का?’’

‘‘चाळिशीनंतर त्यालाही लागला असता,’’ बाबा म्हणाले आणि पुढचं पान उलटलं.