अंकांची बेरीज : मोठी संख्या, सोपी वाट



मी कला शाखेचा पदवीधर. गणिताची धास्ती घेऊनच बँकेच्या परीक्षेला बसलो होतो. त्यामुळे हा लेख गणिताला भिणाऱ्यांसाठीच आहे.

स्पर्धा परीक्षेत असा प्रश्न येतो : १० च्या २५ व्या घातातून ७ वजा केल्यास येणाऱ्या संख्येतील अंकांची बेरीज किती? एवढी मोठी संख्या पाहून अनेकजण प्रश्न सोडून देतात. त्याऐवजी छोट्या संख्या घ्याव्यात.

१०० − ७ = ९३
१,००० − ७ = ९९३
१०,००० − ७ = ९,९९३

शून्ये दोन असता नऊ एकदा, तीन असता दोनदा, चार असता तीनदा. शेवटी ३ कायम. म्हणजे २५ शून्यांना नऊ २४ वेळा. २४ × ९ = २१६, अधिक ३, उत्तर २१९. घाईत नऊ २५ वेळा धरले तर २२८ येते, आणि पर्यायांत तेही दिलेले असू शकते! आयबीपीएसच्या लिपिक पूर्वपरीक्षेत १०० प्रश्नांना ६० मिनिटे असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. म्हणून निदान तीन ओळी मांडून मगच नियम ठरवावा.

आता ९ चा गुण पाहू. १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १. म्हणून कोणत्याही संख्येतून तिच्या अंकांची बेरीज वजा केली की बाकीला ९ ने पूर्ण भाग जातो. अंकांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते. म्हणून त्या दोन संख्यांतील फरकालाही ९ ने भाग जातो.

बँकेत हे रोज उपयोगी पडते. एका संध्याकाळी आमचा मेळ २७० रुपयांनी चुकला. सगळे व्हाउचर पुन्हा तपासू लागलो. तेव्हा जुने हेडकॅशियर म्हणाले, "२ आणि ७ नऊ. आकडे उलटे पडलेत का बघा." १,४७० ऐवजी मीच १,७४० लिहिले होते! अर्थात ही फक्त खूण आहे, पुरावा नव्हे. ५० चे ५०० झाले तरी फरक ४५०, त्यालाही ९ ने भाग जातो.

हाच नियम परीक्षेत असा येतो : दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९, अंक उलटे केल्यास संख्या ४५ ने कमी होते. ४५ ÷ ९ = ५, हा अंकांतील फरक. बेरीज ९ आणि फरक ५, म्हणून ७ व २. संख्या ७२.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशाच आकड्यांच्या खेळातून जगाला ६१७४ ही संख्या दाखवली. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करत राहा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या, १८ सारख्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' हे नाव दिले.

आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर कितीतरी आई-वडील ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या मुलांना शिकवणीची फी परवडत नाही. पण वरील अभ्यासाला एक वही आणि पेन्सिल पुरते. रोज एक उदाहरण छोटे करून पाहा आणि ते का जमते, हे धाकट्या भावंडाला समजावून सांगा.