नुसत्या एकांची रांग

आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळी सरली की वर्ग विरळ होतात. आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि कोयत्यामागं लेकरं. अशाच एका दिवाळीच्या तोंडावर सातवीतल्या मुलीनं मला विचारलं, “सर, 11 मूळ संख्या आहे, 111 नाही. मग नुसत्या एकांची पुढची मूळ संख्या कोणती?”

मी फळ्याकडं वळलो. सहा एकांच्या दोन-दोनच्या मोळ्या बांधा: 11 11 11. प्रत्येक मोळीला 11 नं भाग जातो, म्हणून 1,11,111 लाही जातो. तीन-तीनच्या बांधा, 111 नं जातो. म्हणजे एकांची गणतीच समान मोळ्यांत वाटली गेली, तर संख्या मूळ उरत नाही. गणती मूळ हवी. पण तेवढ्यानं भागत नाही. पाच एक म्हणजे 41 गुणिले 271. सात एक म्हणजे 239 गुणिले 4649. अकरा एकही फुटतात; त्यांचे अवयव 21649 आणि 513239. तेरा, सतराही फुटतात.

इथं मी अडलो. एकोणीस एकांची संख्या हातानं तपासायची, तर सुमारे 105 कोटींपर्यंतच्या मूळ संख्यांनी, म्हणजे पाच कोटींहून अधिक वेळा, भागून पाहावं लागेल. उत्तर पुस्तकातून शोधेपर्यंत तिचं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढलं होतं.

या एकांचं वेड आपल्याकडं जुनं आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी त्यांचे वर्ग मांडले: 11 चा 121, 111 चा 12321, नऊ एकांचा 12345678987654321. दहाव्या एकाला हातचे येतात आणि नक्षी बिघडते. डोंबिवलीच्या स्थानकावरून त्यांनी या संख्यांना ‘डेमलो’ म्हटलं. 6174 मुळं कापरेकर सगळ्यांना ठाऊक. मला डेमलोच जास्त आवडतात.

आज ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्याही या रांगेचीच बहीण आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली ही संख्या म्हणजे 2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1. आपल्या दशमान पद्धतीत तिचे 4,10,24,320 अंक होतात. संगणकाच्या द्विमान पद्धतीत मात्र ती नुसत्या एकांची रांग आहे, 13,62,79,841 एकांची. मोळ्यांचा नियम तिथंही तोच, म्हणून ती गणतीही मूळ आहे.

चैत्रात ती मुलगी परतली. मी फळ्यावर एकोणीस एक लिहिले. तिनं बोट लावून मोजले.

“आणि पुढची?”

“तेवीस एकांची. मग एकदम तीनशे सतरा.”

“मग संपतात का कुठं?”

ते अजून जगात कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं वहीत तिन्ही आकडे उतरवून घेतले आणि खाली जागा सोडली.