घटक ४ : कार्यालयीन जाळ्यासाठी सानुकूल स्थापना-संच

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस,
• स्थापना-संच म्हणजे काय, हे सांगता येईल.
• मूळ संच आणि बदल-संच यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• जाळ्यातून संच वितरित करण्याचे टप्पे क्रमाने मांडता येतील.
• मराठीतील कार्यालयीन नोंदींच्या दृष्टीने एकसारख्या स्थापनेचे महत्त्व विशद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. आज हा कारभार प्रामुख्याने संगणकावर चालतो. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची स्थापना १९८३ मध्ये झाली. नागरी सुविधा केंद्रांतून संगणकीकृत सेवा देण्याच्या कामात राज्यातील आरंभीच्या महापालिकांमध्ये तिची गणना होते आणि तिच्या प्रणालीचा नमुना पुढे राज्यातील अन्य नागरी स्वराज्य संस्थांसाठीही स्वीकारला गेला. प्रणाली एका शहरातून दुसऱ्या शहरात नेताना मूळ रचना तीच राहते. मात्र प्रभागांची नावे, करांचे दर आणि दाखल्यांचे नमुने बदलावे लागतात. मूळ अबाधित ठेवून स्थानिक बदल वेगळे सांभाळणे, हेच सानुकूल स्थापना-संचामागील तत्त्व होय.

४.३ हाताने केलेल्या स्थापनेच्या मर्यादा

ठाण्यातील एखाद्या कार्यालयात २०० संगणक आहेत असे समजा. प्रत्येक संगणकावर सॉफ्टवेअर बसविण्यास ३० मिनिटे लागली, तर एकूण १०० तास, म्हणजे एका व्यक्तीचे आठ तासांचे साडेबारा कामाचे दिवस खर्ची पडतात. यापेक्षाही गंभीर दोष म्हणजे विसंगती. एका संगणकावर मराठी कळफलक चालू राहतो, दुसऱ्यावर राहत नाही. एका टेबलावर युनिकोड फाँट असतो, शेजारच्या टेबलावर जुना.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की मजकुराच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. युनिकोडमुळे ही अडचण दूर झाली. तथापि एक सूक्ष्म प्रश्न उरतो. ‘कऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ या आडनावांतील अर्धा र दोन पद्धतींनी साठविता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, अथवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकास मात्र ती भिन्न वाटतात. जन्मनोंद एका पद्धतीने झाली आणि शोध दुसऱ्या पद्धतीने घेतला, तर नोंद असूनही ‘आढळत नाही’ असे उत्तर मिळू शकते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. म्हणूनच सर्व टेबलांवर एकच कळफलक असणे ही केवळ तांत्रिक सोय नव्हे.

४.४ संचाची रचना

विंडोज प्रणालीत स्थापनेसाठी एमएसआय या स्वरूपाची फाइल प्रचलित आहे. तिच्यात केवळ सॉफ्टवेअरच्या फाइली नसतात. कोणती फाइल कोठे ठेवावी, कोणत्या नोंदी कराव्यात आणि काढून टाकताना काय पुसावे, याची कोष्टकेही असतात. निर्मात्याकडून आलेल्या या फाइलीत थेट फेरफार करू नये. आपले बदल एमएसटी नावाच्या वेगळ्या बदल-संचात नोंदवावेत. स्थापनेच्या वेळी तो मूळ संचावर लागू होतो. छापील अर्जाला न खोडता जोडपत्र लावावे, तसे हे आहे.

उदाहरणार्थ, लिबरऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोजसाठी एमएसआय स्वरूपात मिळते. मराठी आंतरपृष्ठ निवडणे, अनावश्यक घटक वगळणे, हे निर्णय बदल-संचात नोंदविता येतात. सोबत मुक्त परवान्याचा नोटो देवनागरी फाँट देता येतो. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये मुळातच असतो. तो केवळ चालू करावा लागतो. विकतचा फाँट संचात घालण्यापूर्वी परवाना किती संगणकांचा आहे, हे अवश्य पाहावे.

४.५ वितरणाचे टप्पे

१. नोंद : कोणत्या संगणकावर कोणती प्रणाली व कोणती आवृत्ती आहे, याची यादी करावी.

२. मूक चाचणी : स्थापना कोणताही प्रश्न न विचारता पूर्ण होते का, हे एका मोकळ्या संगणकावर तपासावे. रात्री बंद कार्यालयात एखादी खिडकी ‘पुढे’ हे बटण दाबण्याची वाट पाहत राहिली, तर सारे वितरण तेथेच अडते.

३. सामायिक जागा : संच जाळ्यावरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवावा. त्याचा पत्ता जाळ्यावरील पूर्ण पत्ता असावा, सर्व्हरच्या स्थानिक ड्राइव्हचा नव्हे. संगणकांना त्या जागेचा वाचन-अधिकार असावा.

४. नेमणूक : गटधोरणाद्वारे संच संगणकास नेमून दिल्यास संगणक सुरू होतानाच स्थापना होते, त्यामुळे कर्मचाऱ्यास प्रशासकाचे अधिकार द्यावे लागत नाहीत. बदल-संच येथे प्रथमच जोडावा. नंतर तो जोडता येत नाही.

५. टप्प्याटप्प्याने विस्तार : प्रथम पाच-दहा संगणक, मग एक विभाग, शेवटी सर्व. कल्याण, डोंबिवली, टिटवाळा अशा दूरदूरच्या कार्यालयांत संचाची प्रत स्थानिक सर्व्हरवर आधीच पोहोचवावी, म्हणजे मुख्य जोडणीवर भार येत नाही.

६. पडताळणी : स्थापनेअंती संगणक एक संकेतांक देतो. ० म्हणजे यश, ३०१० म्हणजे यश परंतु पुन्हा सुरू करणे आवश्यक, १६०३ म्हणजे गंभीर अपयश. अपयशी संगणकांची यादी करून कारण शोधावे.

४.६ सारांश

स्थापना-संच हा कार्यालयाने घेतलेल्या निर्णयांचा लेखी दस्तऐवज असतो. मूळ संच अबाधित, बदल वेगळे, चाचणी आधी व विस्तार नंतर, ही त्याची सूत्रे. त्यामुळे वेळ वाचतो. परंतु त्याचे खरे फलित असे की, नागरिक कोणत्याही खिडकीवर उभा राहिला तरी त्याचे नाव सर्वत्र एकाच रूपात नोंदले जाते आणि शोधताच सापडते.

आपली प्रगती तपासा

१. बदल-संच मूळ संचापासून वेगळा का ठेवावा?
२. मूक चाचणी न करता वितरण केल्यास कोणती अडचण येऊ शकते?
३. आपल्या परिचयाच्या कार्यालयातील एका सेवेचे उदाहरण घेऊन एकसारख्या कळफलकाची आवश्यकता दहा ओळींत स्पष्ट करा.