परदेशवारी, पण मुलांच्या कलानं!

मार्च संपत आला की सोलापुरात दोनच विषय असतात. एक ऊन आणि दुसरा मुलांची सुट्टी. पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचा गाव, फार तर महाबळेश्वर. आता भिशीत बसलं की एकीची जाऊ सिंगापूरला निघालेली असते, दुसरीची नणंद दुबईहून परतलेली असते. मग घरी आल्यावर मुलं विचारतात, "आई, आपण कधी जायचं विमानानं?" प्रश्न साधा आहे, पण त्यात पैसा, कागदपत्रं, सासूबाईंचे गुडघे आणि धाकट्याचं जेवण असं सगळं गुंतलेलं असतं.

मैत्रिणींनो, परदेशवारी आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. मात्र नीट ठरवली नाही तर खर्च लाखांत जातो आणि मुलांना आठवतो तो फक्त हॉटेलातला पोहण्याचा तलाव!

आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा पाच माणसांची पाच मतं होती. चौदा वर्षांच्या लेकीला सिंगापूर हवं होतं, सहा वर्षांच्या मुलाला गेंडा बघायचा होता, सासूबाईंना पशुपतिनाथ. 'हे' म्हणाले, "बजेटचं बघा आधी." एका एजंटानं पाच दिवसांत तीन देशांचं पॅकेज पुढं केलं. मी एवढंच विचारलं, "यात मुलं झोपणार कधी?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आम्ही नेपाळ ठरवलं.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तर मोठ्यांना निवडणूक ओळखपत्र चालतं. पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या पुढच्यांना आधार कार्ड चालतं. मधल्या वयाच्यांना मात्र नुसतं आधार पुरत नाही. एका भारतीय रुपयाला नेपाळचा एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून तोच आहे. मुलाला मी हिशेबाची वही दिली आणि "चहाचे आपले किती झाले?" हे काम त्याच्याकडे सोपवलं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं! याची त्याला एवढी गंमत वाटली की तो येईल त्याला दोन्ही वेळा सांगत सुटला. त्यात नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, त्यामुळे दुकानांच्या पाट्या त्याला धडाधड वाचता आल्या. नुकतं वाचायला शिकलेल्या पोराला परक्या देशात याहून मोठा आनंद कुठला?

पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी परंपरेनं कर्नाटकातून आलेले असतात, हे कळल्यावर सासूबाई खूश झाल्या. आपल्या सोलापुरात कानडी घरोघरी. देव लांबचा, पण पुजारी शेजारचे! चितवनच्या जंगलात एकशिंगी गेंडा दिसला, पोखऱ्याच्या फेवा तलावात नावेत बसलो. एका दिवशी एकच मोठं ठिकाण आणि दुपारी विश्रांती, हा नियम आम्ही मोडला नाही. सिंगापूरसाठी रुसलेली लेक तिसऱ्या दिवशी स्वतःहून आजीला हात धरून पायऱ्या चढवत होती.

कागद आधी, कपडे नंतर

बाकी बहुतेक देशांसाठी पासपोर्ट हवाच. अगदी तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. आता त्यासाठी पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत, सोलापुरातच पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रात काम होतं. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, लहान मुलांचा पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत. बरेच देश प्रवासाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणून मुलांच्या पासपोर्टची तारीख तिकिटं काढण्याआधी बघा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि स्पेलिंग एकच आहे ना, तेही तपासा.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. आमच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक मैत्रीण आहे. नवरा सोडून गेला, त्याचा पत्ता नाही. भाऊ दुबईला नोकरीला. तो दरवर्षी म्हणायचा, "ताई, भाचीला घेऊन ये." आणि ही म्हणायची, "बापाची सही कुठून आणू?" चार वर्षं तिनं याच समजुतीत काढली. पोर नऊ वर्षांची झाली. मामाचं घर फक्त फोनवर बघायची.

खरं तर वडिलांची सही मिळत नसेल तर आईला एकटीला मुलाच्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी परिशिष्ट 'सी' नावाचा नमुना आहे. दुसऱ्या पालकाची संमती का मिळू शकत नाही, ते त्यात लिहून आपण सही करायची. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं नियम सोपे केले. तेव्हापासून असे नमुने साध्या कागदावर चालतात, नोटरीचा शिक्का लागत नाही. अर्जात आई किंवा वडील, एकाचं नाव दिलं तरी चालतं. घटस्फोटाचा कागदही सक्तीचा राहिला नाही. मुलाच्या ताब्याबद्दल कोर्टात वाद चालू असेल तर मात्र वकिलाला विचारूनच पुढं जा.

आम्ही दोघी मिळून तिचा अर्ज भरला. पासपोर्ट घरी आला त्या दिवशी तिनं तो देवापुढं ठेवला. मायलेकी दिवाळीत मामाकडं जाऊन आल्या.

आणि हो, नवऱ्याला रजा नाही म्हणून तुम्ही एकट्याच मुलांना घेऊन निघाला असाल, तर त्यांचं संमतीपत्र नोटरी करून जवळ ठेवा. काही देशांत विमानतळावर ते विचारतात.

डबा आणि डोकेदुखी

परदेशात मुलं जेवत नाहीत, ही आपली कायमची काळजी. त्यावर उपाय आपल्या गावातच आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी! आठ दिवस काही होत नाही. जोडीला मेतकूट, भाजका रवा, लाडू. एक मात्र लक्षात ठेवा. दुबई किंवा सिंगापूरला जाताना खसखस अजिबात नेऊ नका, तिथं त्यावर बंदी आहे. अनारसे, लाडू, घरचा मसाला यांत ती हमखास असते, म्हणून तपासूनच भरा. ऑस्ट्रेलियासारख्या देशात तर खाण्याचा पदार्थ नेला की तो जाहीर करावाच लागतो. मुलांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. हातातल्या सामानात पातळ पदार्थाची बाटली १०० मिलिलीटरपेक्षा मोठी चालत नाही.

पैशाचं म्हणाल तर दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेतलं तर पूर्ण तिकीट पडत नाही. दोन पूर्ण झाली की वेगळी सीट घ्यावी लागते. परदेशी पॅकेजवर टीसीएस नावाची जादा रक्कम घेतात. तिची पावती जपा, आयकराचं विवरणपत्र भरताना ती करात वळती होते किंवा परत मिळते. आम्ही पाच जणींनी तर सहलीसाठी वेगळी भिशीच सुरू केली आहे. सोनं घेण्याआधी सहल, असा ठरावच केलाय!

जाण्याआधी मुलांना एक दिवस डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात जरूर न्या. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा मुलगा १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला. युद्धातल्या जखमींवर त्यानं उपचार केले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच देह ठेवला. परदेश म्हणजे नुसती खरेदी आणि फोटो नव्हेत, तिथंही आपल्यासारखीच माणसं राहतात, हे मुलांना त्या घरात उभं राहून पटकन कळतं.

शेवटचं, आपल्याबद्दल. सहल म्हणजे आईनं स्वयंपाकघर पाठीवर घेऊन फिरणं नव्हे. बॅगा भरायला नवऱ्याला लावा, प्रत्येक मुलाची पिशवी त्याच्याच खांद्यावर द्या आणि रोजचा एक तास स्वतःसाठी राखून ठेवा. फेवा तलावाच्या काठी मी एकटीच अर्धा तास बसले होते. कुणाला पाणी द्यायचं नव्हतं, कुणाचा डबा भरायचा नव्हता. सुट्टी मुलांची असते तशी आपलीही असते, हे घरात एकदा ठणकावून सांगा आणि मगच तिकिटं काढा.