खेळातील गुडघ्याची दुखापत व पुनर्वसन

खेळताना गुडघ्याच्या सांध्याला इजा झाल्यानंतर त्याची हालचाल, ताकद आणि स्थैर्य टप्प्याटप्प्याने परत मिळवण्याच्या प्रक्रियेला गुडघ्याचे पुनर्वसन असे म्हणतात. कबड्डी, खो-खो, कुस्ती, फुटबॉल, बॅडमिंटन व क्रिकेट या खेळांत अशी दुखापत वारंवार आढळते. वेदना थांबणे आणि सांधा बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद न ओळखता घाईने मैदानावर परतणे हे पुन्हा दुखापत होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे.

सांध्याची रचना

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी मिळून गुडघा बनतो. हाडांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. व्यवहारात त्यांना लिगामेंट म्हटले जाते. सांध्याच्या मध्यभागी दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा अस्थिबंध ‘एसीएल’ या नावाने परिचित आहे. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला पीळ बसू न देणे हे त्याचे काम होय. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राकार गाद्या असतात व त्या शरीराचा भार विभागून घेतात.

दुखापतीची कारणे व लक्षणे

एसीएल तुटण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचा धक्का लागतोच असे नाही. चढाई करणारा कबड्डीपटू मध्यरेषेकडे एकदम वळतो, खो-खोतील खेळाडू धावताना अचानक दिशा बदलतो किंवा उडीनंतर एका पायावर तोल जातो, तेव्हा पाऊल जमिनीवर रोवलेले राहते आणि गुडघा आत वळतो. त्या क्षणी अस्थिबंधावर असह्य ताण येतो. समान खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत अधिक प्रमाणात आढळते.

दुखापतीच्या वेळी ‘कट्’ असा आवाज जाणवणे, काही तासांतच सूज येणे आणि पुढे चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटणे ही प्रमुख लक्षणे आहेत. गादी फाटून अडकली असल्यास पाय पूर्ण सरळ होत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ हाताने केलेल्या तपासणीतून प्राथमिक निदान करतात. हाड मोडले आहे का हे क्ष-किरण चित्रातून समजते. अस्थिबंध व गादीची स्थिती एमआरआय तपासणीत दिसते.

प्रथमोपचार

खेळ तत्काळ थांबवणे, पायावर भार न देणे, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने थोडा थोडा वेळ शेकणे, दाबपट्टी बांधणे आणि पाय उंचावर ठेवणे हे प्राथमिक उपाय आहेत. ताज्या दुखापतीवर गरम शेक देणे, जोराने मालीश करणे किंवा गुडघा ओढून ‘बसवण्याचा’ प्रयत्न करणे यांमुळे सूज व इजा वाढू शकते.

उपचार

एसीएल तुटल्यावर प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींवर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली. इतरांना आधी व्यायामोपचार देऊन गरजेनुसार नंतर शस्त्रक्रियेची मुभा ठेवली होती. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया करावी लागली नव्हती. तथापि वारंवार वळणे घ्यावी लागणाऱ्या खेळांतील खेळाडूंना, तसेच गुडघा सतत निसटत असल्यास, सहसा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. तीत रुग्णाच्याच शरीरातील स्नायुबंधाचा तुकडा घेऊन दुर्बिणीच्या साहाय्याने नवा अस्थिबंध बसवतात. या तुकड्याला कलम म्हणतात.

पुनर्वसनाचे टप्पे

पहिल्या टप्प्यात सूज उतरवणे, पाय पूर्ण सरळ करणे आणि मांडीच्या पुढील स्नायूंना पुन्हा जागे करणे यांवर भर असतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे व पाय सरळ ठेवून उचलणे हे व्यायाम घरीही करता येतात. चाल सुधारल्यावर कुबड्या सोडल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात स्थिर सायकल, पायरी चढणे-उतरणे, अर्धी बैठक व एका पायावर तोल सांभाळणे यांचा समावेश होतो. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्यास तज्ज्ञांच्या परवानगीनेच सुरुवात करावी लागते. तिसऱ्या टप्प्यात सरळ धावणे, त्यानंतर उड्या आणि शेवटी दिशाबदलाचा सराव येतो.

बसवलेले कलम पहिल्या काही महिन्यांत आधीपेक्षा कमकुवत होते. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि त्याचे अस्थिबंधात रूपांतर होण्यास दीर्घ काळ लागतो. नेमक्या याच काळात वेदना गेलेली असते व खेळाडूला आपण बरे झालो असे वाटू लागते.

मैदानावर परतणे

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेर-ऑस्लो अभ्यासानुसार, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. केवळ महिने मोजणेही पुरेसे नसते. दुखऱ्या पायाची ताकद व एका पायावरील उडीचे अंतर चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के असावे, असा सर्वसाधारण निकष आहे. मनातील भीती दूर होणे हाही बरे होण्याचा भाग मानला जातो.

महाराष्ट्रातील उदाहरण

सांगलीच्या क्रिकेटपटू स्मृती मानधना यांना जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील महिला बिग बॅश लीगमध्ये ब्रिस्बेन हीटकडून खेळताना एसीएलची दुखापत झाली. त्यामुळे फेब्रुवारीतील विश्वचषक पात्रता स्पर्धेस त्या मुकल्या. सुमारे पाच महिन्यांनी त्या संघात परतल्या आणि २४ जून रोजी डर्बी येथे इंग्लंडविरुद्ध ९०, तर २९ जून रोजी टाँटन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. हे पुनरागमन प्रेरक असले, तरी त्यातील कालावधी इतरांसाठी मोजमाप ठरत नाही. दुखापतीचे स्वरूप, उपचार, खेळाचा प्रकार आणि तज्ज्ञांची देखरेख यांनुसार तो बदलतो. शाळा-महाविद्यालयांतील खेळाडूंच्या बाबतीत स्पर्धेच्या तारखेऐवजी गुडघ्याची चाचणी हा निर्णयाचा आधार असणे आवश्यक ठरते.

प्रतिबंध

धावणे, तोल, उडी व योग्य रीतीने जमिनीवर उतरणे यांचा समावेश असलेली पूर्वतयारी नियमित केल्यास गुडघ्याच्या दुखापती कमी होतात. फुटबॉलसाठी तयार झालेला ‘फिफा ११+’ हा सुमारे २० मिनिटांचा कार्यक्रम याच तत्त्वावर आधारलेला असून त्यासाठी महागड्या साधनांची गरज लागत नाही.