दिवसाला फक्त सहा!

वीकेंडला गळ टाकून बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास, असं वाटतं? अमेरिकेतल्या लेक ईरीवर त्यासाठी लायसन्स लागतं, मोजपट्टी लागते आणि गडबड केलीत तर चक्क जेलची हवाही खावी लागते...

ऑफिसच्या ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडीओंमध्ये मासे हा विषय तसा दुर्मीळच. पण २०२२च्या ऑक्टोबरमध्ये एक क्लिप बघता बघता जगभर पोचली. कदाचित तुमच्याही मोबाइलवर आली असेल. स्पर्धा संपलीय, भोवती गर्दी जमलीय आणि एक माणूस सुरीने मासा फाडतोय. माशाच्या पोटातून निघतो शिशाचा गोळा! मग दुसरा मासा, दुसरा गोळा. त्यानंतर गर्दीने जो काही शिव्यांचा भडिमार केलाय, तो हेडफोन लावूनच ऐकावा असा.

प्रसंग होता ३० सप्टेंबर २०२२चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातला. 'लेक ईरी वॉलआय ट्रेल' या स्पर्धेची फायनल. बक्षीस जवळपास २९ हजार डॉलर. दोघा जणांच्या एका टीमने आपले पाच मासे काट्यावर ठेवले. आयोजक जेसन फिशर (आडनाव बघा!) यांच्या अनुभवी नजरेला ते प्रत्येकी चारेक पाउंडांचे दिसत होते, म्हणजे पाचांचे मिळून वीसेक पाउंड व्हायला हवे होते. काटा दाखवत होता जवळपास ३४! पोटं फाडल्यावर शिसं निघालंच, वर दुसऱ्या माशांचे साफ केलेले तुकडेही कोंबलेले निघाले. प्रकरण कोर्टात गेलं. २०२३मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली दहा दिवसांची कैद, बोट जप्त आणि तीन वर्षं फिशिंग लायसन्स सस्पेंड.

मला सगळ्यात भारी वाटली ती ही शेवटची शिक्षा. दारू पिऊन गाडी चालवली तर लायसन्स जातं, हे आपल्याला माहीत आहे. पण गळ टाकायचं लायसन्स? आणि ते गेलं म्हणून एखाद्याला वाईट वाटावं? माझा कॉलेजमधला एक मित्र क्लीव्हलंडलाच आयटीत आहे. मूळचा अलिबागचा, त्यामुळे मासे हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. त्याला फोन लावला, तर साहेबांकडेही ते लायसन्स निघालं. वर्षाला साधारण २५ डॉलर भरून तो दर सीझनला नूतनीकरण करतो आणि पकडलेला वॉलआय रवा लावून तळतो. तासभर तो नुसत्या नियमांबद्दलच बोलत होता. मग मीही वाचत सुटले.

तळं? छे, सात गोवे!

आधी या तळ्याचा आवाका लक्षात घ्या. लेक ईरी साधारण २५,७०० चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे आपल्या गोव्यासारखी जवळपास सात राज्यं त्यात आरामात बुडतील. उत्तरेला कॅनडाचा ओंटारियो प्रांत, बाकी बाजूंना अमेरिकेची चार राज्यं : ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क. 'ग्रेट लेक्स' म्हणून जी पाच महाकाय तळी प्रसिद्ध आहेत, त्यातलं हे सगळ्यात उथळ. पश्चिमेकडचा भाग तर सरासरी सात-साडेसात मीटरच खोल. उथळ म्हणून उबदार, उबदार म्हणून मासे भरपूर. आणि उथळ म्हणूनच घाण झालं तर पटकन घाण होणारं.

वॉलआय हा इथला हीरो. सोनेरी-हिरवट अंग, तोंडात टोकदार दात आणि मांजरासारखे अंधारात चमकणारे डोळे. डोळ्यांमागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे त्याला गढूळ पाण्यात आणि संधिप्रकाशात मस्त दिसतं. मांस पांढरंशुभ्र, काटे कमी. त्याच्या नावाने पोर्ट क्लिंटन नावाचं गाव स्वतःला 'वॉलआयची जागतिक राजधानी' म्हणवून घेतं. न्यूयॉर्कमध्ये थर्टीफर्स्टच्या रात्री तो झगमगता गोळा खाली येतो ना, तसा इथे वीस फुटी फायबरग्लासचा वॉलआय क्रेनने खाली उतरवतात. हौसेला मोल नाही, बॉस!

'मेलेलं' तळं

पण पन्नासेक वर्षांपूर्वी याच तळ्याला लोक 'डेड' म्हणत होते. २२ जून १९६९ला क्लीव्हलंडमधली कायाहोगा नदी पेटली. हो, नदी पेटली! पाण्यावरचं तेल आणि कचरा यांनी पेट घेतला होता. ही नदी ईरीतच येऊन मिळते. गंमत म्हणजे ती काही पहिली आग नव्हती. 'टाइम' मासिकाने तेव्हा बातमीसोबत जो फोटो छापला, तो १९५२च्या आगीचा होता, कारण १९६९ची आग फोटोग्राफर पोचायच्या आधीच विझली होती.

पुढच्याच वर्षी, १९७०मध्ये, वॉलआयमध्ये पारा सापडला आणि मासेमारीवर बंदी आली. त्याआधी 'ब्लू पाइक' नावाचा वॉलआयचा निळसर भाऊबंद इथे टनावारी मिळायचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो असा काही आटला, की १९८३मध्ये तो नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. तो वेगळा मासा होता की वॉलआयचाच एक रंग, यावर शास्त्रज्ञ पुढे वाद घालत राहिले. ताटात यायचा तो बंद झाला, हे मात्र नक्की.

१९७२मध्ये अमेरिका आणि कॅनडाने तळ्यांच्या पाण्याबद्दल करार केला. डिटर्जंटमधलं फॉस्फेट कमी झालं, सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रांवर प्रचंड पैसा ओतला गेला. तळं सुधारलं, तेही लोकांना दिसेल इतकं. डॉ. स्यूस यांच्या 'द लोरॅक्स' या १९७१च्या मुलांच्या पुस्तकात ईरीच्या घाणीवर एक टोमणा होता. ओहायोतल्या संशोधकांनी त्यांना कळवलं, की अहो, आता तसं राहिलं नाही, आणि पुढच्या आवृत्त्यांतून ती ओळ निघाली!

माशांचं बजेट

पाणी सुधारलं तरी माशांची वाटणी कशी करायची? वॉलआयला व्हिसा लागत नाही. वसंतात तो पश्चिमेकडच्या नद्यांत आणि खडकांवर अंडी घालतो आणि उन्हाळ्यात थंड पाण्याच्या शोधात पूर्वेला पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कपर्यंत पोचतो. ओहायोने जपायचं आणि पलीकडच्याने ओरपायचं, असं चाललं तर कोण जपेल?

म्हणून १९७६पासून इथे कोटा आहे. 'ग्रेट लेक्स फिशरी कमिशन'च्या छत्राखाली चार राज्यं आणि ओंटारियो यांची समिती दर मार्चमध्ये बसते आणि यंदा तळ्यातून किती वॉलआय काढायचे, तो आकडा ठरवते. अगदी आपल्या कंपनीच्या ॲन्युअल बजेटसारखं. त्यासाठी वर्षभर मोजणी चालते. ऑगस्टमध्ये जाळी ओढून त्या वर्षीची पिल्लं किती ते बघतात, शरदात मोठे मासे मोजतात. माणसं चक्क धक्क्यावर उभी राहून परतणाऱ्या प्रत्येक हौशी गळवाल्याला विचारतात : किती तास बसलात, किती मिळाले? माशाचं वय कळतं त्याच्या कानातल्या खड्यावरून. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षावर्षाची वलयं असतात.

वाटणीचं सूत्र एकदम साधं : पश्चिम आणि मध्य भागातलं पाणी ज्याच्या हद्दीत जेवढं, तेवढा त्याचा हिस्सा. ओहायोला ५१ टक्के, ओंटारियोला ४३, मिशिगनला जेमतेम ६. ओहायो आणि मिशिगनचा वाटा सगळा हौशी लोकांच्या गळाला जातो, तर कॅनडाचा बहुतेक वाटा धंदेवाईक जाळ्यांत. ओहायोच्या गळवाल्यांना ती जाळी खुपतात. पण कागदावर दोघांचा मासा एकच आणि तो एकदाच मोजला जातो.

आकडे किती वर-खाली होतात बघा. २०१०मध्ये कोटा होता फक्त २२ लाख वॉलआयचा. कारण आधीची काही वर्षं पिल्लंच फारशी जगली नव्हती. मग २०१५ आणि २०१८मध्ये पिल्लांचं बंपर पीक आलं आणि २०२२चा कोटा गेला १ कोटी ४५ लाखांवर. सांगायचा मुद्दा हा, की चांगलं वर्ष कोणी आणू शकत नाही. ते ऊन, वारा, बर्फ ठरवतात. माणसाच्या हातात एवढंच, की वाईट वर्षांत हात आखडता घ्यायचा आणि अंडी घालणारे मासे शिल्लक ठेवायचे.

पट्टी काढा, मोजा

हा सगळा हिशोब माझ्या मित्राच्या बोटीत पोचतो तो दोन आकड्यांच्या रूपाने : १५ इंच आणि ६. पंधरा इंचांपेक्षा लहान वॉलआय लागला तर परत पाण्यात. दिवसाला माणशी सहा झाले की गळ गुंडाळा. बोटीत पट्टी चिकटवलेलीच असते. साडेचौदा इंचांचा मासा हातात धरून पट्टीकडे केविलवाण्या नजरेने बघणं हा म्हणे तिथला राष्ट्रीय खेळ आहे.

वसंतात नियम आणखी कडक. मॉमी नदीत हजारो वॉलआय अंडी घालायला चढतात आणि हजारो माणसं कमरेइतक्या गार पाण्यात उभी राहतात. मार्च-एप्रिलमध्ये तिथे सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच परवानगी. गळ एकाच आकड्याचा. आणि मासा तोंडातच अडकलेला हवा. एवढ्या गर्दीतून गळ ओढला, की तो कुणाच्या पाठीत, कुणाच्या शेपटीत घुसतोच. असा मासा कितीही मोठा असो, सोडून द्यायचा. आमिषाला भुलला तरच तो तुमचा.

आणि २५ डॉलरचं काय होतं? ते माशांच्याच कामाला लागतात. शिवाय १९५०च्या एका केंद्रीय कायद्यानुसार गळ, रीळ, दोरी यांच्यावर उत्पादकांकडून १० टक्के कर घेतला जातो आणि तो राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी परत मिळतो. म्हणजे धक्क्यावरच्या त्या मोजणीवाल्याचा पगार बऱ्याच अंशी गळवालाच देतो. मला ही व्यवस्था जाम आवडली. ज्याला मजा करायचीय, त्यानेच बिल भरायचं.

तरीही सगळं गोडगोड नाही. वॉलआय उदंड झाले तेव्हाच तळ्याच्या मधल्या भागात यलो पर्च हा छोटा, चविष्ट मासा कमी झाला. तिथली मर्यादा २०२१मध्ये दिवसाला ३० वरून १० वर आणावी लागली. ज्यांची शुक्रवारची फिश फ्राय पर्चवरच चालायची, ते साहजिकच वैतागले.

जिथे पट्टी चालत नाही

खरी मेख पुढे आहे. ज्या मॉमी नदीत वॉलआयसाठी सूर्यास्ताचाही हिशोब ठेवला जातो, तीच नदी दरवर्षी ईरीत फॉस्फरस आणून ओतते. या वेळी दोष साबणाचा नाही. नदीच्या खोऱ्यात मैलोन् मैल मका आणि सोयाबीन आहे. वसंतातल्या पावसाबरोबर रासायनिक खत आणि शेणखत वाहून येतं. उथळ, कोमट पाण्याला एवढं टॉनिक मिळालं की जुलैअखेरपासून तळ्यावर हिरवा तवंग चढतो. हे विषारी सूक्ष्मजीव आहेत. २०१४च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात त्यांचं विष सापडलं आणि सुमारे पाच लाख लोकांना सांगण्यात आलं, की पाणी पिऊ नका. उकळूही नका, कारण उकळल्याने विष जात नाही, उलट आटून दाट होतं. तीन दिवस दुकानांतून बाटलीबंद पाणी गायब! पुढच्याच वर्षी, २०१५मध्ये, त्याहून मोठा तवंग आला.

हो, तेच २०१५. पिल्लांच्या बंपर पिकाचं वर्ष. वॉलआय एप्रिलमध्ये अंडी घालतो, तवंग ऑगस्टमध्ये येतो. म्हणून तेव्हा निभावलं. पण तवंग मरून तळाशी कुजतो, तेव्हा तो मधल्या भागातल्या खोल पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. थंड पाण्यासाठी तळाला जाणाऱ्या माशाला तिथे श्वासच घेता येत नाही.

आणि इथे नियम बघा. साडेचौदा इंचांचा वॉलआय घरी नेलात तर दंड. पण पावसाने शेतातून वाहून येणाऱ्या खताला अमेरिकेच्या 'क्लीन वॉटर ॲक्ट'मध्ये परवानाच लागत नाही. कारखान्याचा पाइप कायद्यात बसतो, शेताचा चर बसत नाही. २०१५मध्ये ओहायो, मिशिगन आणि ओंटारियोने ठरवलं होतं, की २०२५पर्यंत फॉस्फरस ४० टक्क्यांनी कमी करायचा. २०२५ उलटलं, लक्ष्य काही गाठलं गेलं नाही. ओहायोने २०१९पासून शेतकऱ्यांना पैसे देऊन खत जपून वापरायला लावायची योजना काढलीय, पण ती मर्जीची. गळवाल्याला मर्जी विचारत नाहीत.

शेतकऱ्याला व्हिलन करायचा माझा अजिबात इरादा नाही. मक्याचा भाव पडला, की खताची पिशवी जपून वापरण्याचा सल्ला देणं सोपं असतं. पण मार्चच्या त्या बैठकीत माशांच्या टेबलावर प्रत्येक वॉलआयचा हिशोब लागतो आणि तळ्यात काय पडतं, हे मात्र त्या टेबलाच्या कक्षेबाहेर असतं, ही गोष्ट काही केल्या पचत नाही.

तिथली सरकारी हवामान संस्था 'नोआ' दर उन्हाळ्यात यंदाचा तवंग किती मोठा असेल, याचा अंदाज जाहीर करते. आपल्याकडे मान्सूनचा येतो तसाच. मग सीझनभर उपग्रहाचे नकाशे येत राहतात. माझा मित्र ऑगस्टमधल्या शनिवारी बोट बुक करण्याआधी तो नकाशा उघडतो. पश्चिम किनारा हिरवा दिसला तर पूर्वेकडे जातो आणि तिकडेही दिवसाला सहाच.